कागद दुमडून घर कसं उभं राहतं? बाउहाउस, आधुनिक चित्रकला आणि ‘बेसिक डिझाइन’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला बेसिक डिझाइन शिकवतो. दरवर्षी प्रवेशाची धावपळ संपली की तेच प्रश्न येतात. पालक फोनवर विचारतात, मुलं पहिल्या ज्युरीनंतर, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडून झाल्यावर विचारतात, आणि थोडे धीट असतील तर ज्युरीतच. बहुतेक उत्तरांचा माग काढत गेलं, की आपण जर्मनीतल्या ‘बाउहाउस’ नावाच्या एका शाळेच्या दारात पोहोचतो. ती शाळा जेमतेम चौदा वर्षं चालली.

मुलाने आर्किटेक्चरला प्रवेश घेतलाय. मग तीन महिने तो कागद दुमडतोय, तारा वाकवतोय, काळे-पांढरे चौकोन चिकटवतोय. घराचा नकाशा कधी?

नकाशा येईल. पण तुमचा वैताग समजतो, कारण आपल्याकडे चित्रकलेचं शिक्षण म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. समोरचा तांब्या हुबेहूब उतरला पाहिजे, रंग रेषेबाहेर जाता कामा नये. या परीक्षांची जातकुळी इंग्लंडच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीची: नमुना समोर ठेवायचा आणि हात त्याच्यासारखा चालेपर्यंत गिरवायचा. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं तेव्हा हीच रीत होती, आणि युरोपातल्या अकादम्यांतही फार वेगळं काही चालत नव्हतं. तिथं प्लास्टरचे ग्रीक पुतळे गिरवत, एवढाच फरक.

तुमचा मुलगा करतोय ते या रीतीच्या नेमकं उलट आहे. त्याच्यासमोर नमुनाच नाही. आहे तो कागद, आणि कागद काय करू शकतो हे त्याने शोधायचंय. ही उलटापालट १९१९ नंतर वायमारमध्ये झाली.

बाउहाउस ही शैली की शाळा?

शाळा. वाल्टर ग्रोपिअस या वास्तुकाराने एप्रिल १९१९ मध्ये वायमार गावातली ललित कलांची अकादमी आणि हस्तकलांची शाळा एकत्र करून ती काढली. पहिलं महायुद्ध संपून पाच महिनेही झाले नव्हते. ग्रोपिअस स्वतः त्या युद्धात लढून आलेला. त्याच्या जाहीरनाम्याचा आशय असा, की सगळ्या दृश्यकलांचं शेवटचं ध्येय इमारत आहे, म्हणून वास्तुकार, शिल्पकार, चित्रकार सगळ्यांनी पुन्हा हातकामाकडे वळावं. मुखपृष्ठावर लायोनेल फाइनिंगरने लाकडी ठशातून छापलेलं एक कॅथीड्रल होतं, टोकदार, तारे लागलेलं, क्यूबिस्ट चित्रासारखं तुकड्यातुकड्यांचं. पुढे ज्या शाळेचं नाव काच, पोलाद आणि सपाट छपरांशी जोडलं गेलं, तिचं पहिलं चित्र एका मध्ययुगीन देवळाचं होतं, हे मला दरवर्षी सांगायला आवडतं.

जाता जाता, चित्रकला कच्ची म्हणून घाबरलेल्यांसाठी: ग्रोपिअसला धड चित्र काढता येत नसे. विद्यार्थिदशेत त्याने आईला पत्रातून हे गाऱ्हाणं सांगितलं होतं. आयुष्यभर त्याने रेखाटनं सहकाऱ्यांकडून करून घेतली.

इमारती बांधायच्या होत्या तर शिकवायला चित्रकार कशाला?

सगळ्यांत चांगला प्रश्न हाच. पाउल क्ले, वासिली कँडिन्स्की, योहानेस इटेन, ओस्कर श्लेमर, फाइनिंगर ही सगळी चित्रकार मंडळी, आणि यांपैकी एकानेही कधी पाया खणला नव्हता.

१९०७ ते १९१७ या दहा वर्षांत चित्रकलेत काय घडलं ते आधी पाहू. पिकासो आणि ब्राकने वस्तू फोडून तिच्या अनेक बाजू एकाच कॅनव्हासवर मांडल्या; हाच क्यूबिझम. कँडिन्स्कीने वस्तूच काढून टाकली. मालेविचने पांढऱ्यावर काळा चौकोन ठेवला. माँद्रियान आडव्या-उभ्या रेषांपर्यंत येऊन पोहोचला. वस्तू गेल्यावर चित्रकारापाशी उरलं काय? रेषा, पातळी, रंग, वजन, ताण, तोल, मधली मोकळी जागा. म्हणजे नेमकं तेच सामान, ज्यातून इमारत रचतात. दगडी देवळाची नक्कल करायची नसेल तर भिंत म्हणजे काय, हे कुणीतरी मुळापासून विचारायला हवं होतं. चित्रकार ते आधीच विचारून बसले होते.

म्हणून प्रत्येक कार्यशाळेत दोन गुरू असत: एक आकाराचा, एक हस्तकौशल्याचा. चित्रकार सांगणार आकार असा का, आणि सुतार सांगणार सांधा कसा. दोघांचं पटे असं नाही. आकाराच्या गुरूंना पगार आणि मान जास्त होता, आणि कारागीर गुरूंना ते खुपत असे. कारागिराचा मान वाढवायला निघालेल्या शाळेतही पंगत वेगळीच मांडली गेली.

क्यूबिझममधून थेट इमारती झाल्या का?

झाल्या, पण प्रागमध्ये, आणि बाउहाउसच्या आधी. योझेफ गोचारचं ‘काळ्या मॅडोनाचं घर’ १९१२ चं आहे. खिडक्या, छप्पर, जिन्याचा कठडा, सगळं पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखं. सुंदर आहे, पण चित्राचा पोशाख इमारतीला चढवल्यासारखं वाटतं.

शाळा पुढे डेसाऊ शहरात गेली. तिथल्या बाउहाउसच्या इमारतीबद्दल वेगळा दावा करतात. तिला ‘समोरची बाजू’ अशी नाही. तीन पंख, मध्ये रस्त्यावरून जाणारा पूल; चहूबाजूंनी फिरल्याशिवाय ती कळत नाही, आणि काचेच्या कोपऱ्यातून आतलं-बाहेरचं एकदम दिसतं. म्हणून ती क्यूबिस्ट, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. मला हे थोडं ओढूनताणून वाटतं. काचेतून पलीकडचं दिसणं आणि चित्रात दोन पातळ्या एकमेकींत शिरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. इमारतीभोवती फिरावं लागतं, हे मात्र खरं.

इटेन हा पारशी होता असं कुठंतरी वाचलं. खरं का?

नाही, पण असं का वाटलं ते कळतं. इटेन स्विस होता, आणि मूळचा प्राथमिक शाळेतला शिक्षक, बालवाडीचा जनक फ्रोबेल याच्या परंपरेत तयार झालेला. १९१९ पासून बाउहाउसचा पायाभूत अभ्यासक्रम त्याने बसवला. तुमचं बेसिक डिझाइन त्याचं पणतवंड. तो ‘मझ्दाझ्नान’ नावाचा पंथ पाळत असे. हा पंथ स्वतःला जरथुष्ट्राचा वारस म्हणवी, पण त्याचा आपल्या मुंबईच्या अग्यारीशी संबंध नाही. मुंडन केलेलं डोकं, अंगात झगा, श्वासाचे व्यायाम, उपास आणि ढीगभर लसूण. काही काळ शाळेच्या खानावळीत तेच शिजे, आणि सगळ्या शाळेला लसणाचा वास येई.

हसून सोडून देऊ नका. वर्ग सुरू होण्याआधी इटेन मुलांना उभं करून हातपाय सैल सोडायला लावे, मगच कोळसा हातात. डोळे मिटून लाकूड, लोकर, काच चाचपायची, मग त्या स्पर्शाचं चित्र. खरखरीत आणि गुळगुळीत, जड आणि हलकं, उजेड आणि अंधार अशा विरोधांच्या जोड्या. आमच्या वर्गात ‘टेक्श्चर शीट’ म्हणून जे सबमिशन असतं ते इथून आलं. फरक एवढाच, की आमची मुलं ते रात्री दोन वाजता इंटरनेटवर बघून करतात आणि डोळे मिटतात ते झोपेने.

मग तो निघून का गेला?

यंत्रावरून. इटेनला व्यक्तीचा आतला सूर हवा होता. ग्रोपिअसला आता कारखान्यांची कामं हवी होती, आणि सरकारला अनुदानाचा हिशेब. त्यात १९२१ मध्ये डच ‘डी स्टाइल’ गटाचा थिओ व्हॅन डूसबर्ग वायमारला येऊन राहिला. त्याला बाउहाउसमध्ये नोकरी मिळाली नाही, तर पठ्ठ्याने १९२२ मध्ये गावातच स्वतःचा वर्ग उघडला, आणि बाउहाउसचीच मुलं तिथं जाऊ लागली. त्याचं म्हणणं: भावनांचा चिखल पुरे, सरळ रेषा, मूळ रंग, स्पष्ट रचना. खासगी क्लासने कॉलेजचा अभ्यासक्रम बदलला, असं याचं मराठी भाषांतर करता येईल.

परिणाम खुर्च्यांमध्ये दिसतो. डी स्टाइलच्या रीटफेल्टची लाकडी खुर्ची पाहा, मग मार्सेल ब्रॉयरने विद्यार्थी असताना केलेली पट्ट्यांची खुर्ची, आणि मग त्याचीच १९२५ ची पोलादी नळीची, जिची कल्पना त्याला सायकलच्या हँडलवरून सुचली. तीन खुर्च्या शेजारी ठेवल्या की शाळेची पहिली सहा वर्षं दिसतात. १९२३ मध्ये इटेन गेला. त्याच वर्षीच्या मोठ्या प्रदर्शनाची घोषणा होती, ‘कला आणि तंत्रज्ञान: नवी एकजूट’.

कागद दुमडण्याचा व्यायाम नेमका कुणाचा?

योझेफ आल्बर्सचा. तोही आधी शाळामास्तर. इटेननंतर पायाभूत अभ्यासक्रम लास्लो मोहोली-नाज आणि त्याच्याकडे आला.

त्याच्या एका विद्यार्थ्याने लिहून ठेवलेली आठवण आहे. आल्बर्स वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आला, प्रत्येकाला वाटला आणि म्हणाला, यातून काहीतरी करा, कमीत कमी वाया घालवून. कात्री-डिंक शक्यतो नको. आणि गेला. काही तासांनी परतला तेव्हा टेबलांवर किल्ले, विमानं, प्राणी, बोटी. ‘ही बालवाडी झाली,’ असं म्हणून त्याने ते बाजूला सारलं. बोटी लाकडाच्या, किल्ले दगडाचे चांगले होतात. कागदाचा यात काय संबंध? मग त्याने एका मुलाचं काम उचललं. त्या मुलाने कागद फक्त उभा दुमडला होता, घडीच्या पडद्यासारखा. लोळागोळा होणारा कागद स्वतःच्या कडेवर उभा राहिला होता. आल्बर्स म्हणाला, एरवी आडवा पडणारा कागद इथं उभा आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजू दिसताहेत.

घडीमुळे कागदाला ताठपणा येतो. पत्र्याच्या शेडवरच्या नागमोडी पत्र्यात हेच तत्त्व, आणि काँक्रीटच्या घडीदार छपरातही. तुमचा मुलगा स्ट्रक्चरची गणितं तिसऱ्या वर्षी करेल. त्याच्या बोटांना उत्तर आधी कळलेलं असेल. पहिल्या वर्षात मला एवढंच हवं असतं.

दुर्दैवाने बहुतेक कॉलेजांत व्यायाम आला, प्रश्न आला नाही. ‘पाच फोल्डेड प्लेट मॉडेल्स, माउंट बोर्डवर, सोमवारपर्यंत’ असं सांगितलं की मुलं पुन्हा नमुना गिरवू लागतात. पुतळ्याऐवजी आता आल्बर्सला गिरवतात.

पिवळा त्रिकोण, लाल चौकोन, निळं वर्तुळ: हे शास्त्र आहे का?

नाही. कँडिन्स्कीने १९२३ मध्ये बाउहाउसमध्ये एक छापील कागद वाटला: तीन आकार, तीन रंग, जोड्या लावा आणि कारण द्या. बऱ्याच जणांनी त्याच्या मनासारखं उत्तर दिलं. पण त्याचे वर्ग करणाऱ्यांना विचारलं तर दुसरं काय मिळणार? श्लेमरने तर कुरकुर केली की वर्तुळ लाल हवं. मावळतीचा सूर्य पाहिलेल्या कोणालाही ते पटावं. परीक्षेत कँडिन्स्कीची जोडी लिहा. घर रंगवताना विसरा.

हे सगळं फक्त जर्मनीतच घडलं?

नाही. १९२० मध्ये मॉस्कोत वखुटेमास ही शाळा सरकारी हुकमाने सुरू झाली. ती बाउहाउसपेक्षा कितीतरी मोठी होती आणि १९३० मध्ये बंद झाली. रॉदचेन्को, पोपोवा, स्तेपानोवा हे रशियन कलाकार तिथं शिकवत. निकोलाय लादोव्स्की वास्तुकलेच्या मुलांना कागदावर नकाशा काढू देण्याआधी मातीत आकार करायला लावे. आज ‘मास मॉडेल’ म्हणतो ते. बाउहाउसची मंडळी पुढे अमेरिकेत गेली म्हणून त्यांचं नाव झालं. मॉस्कोची शाळा तिच्या देशातच दडपली गेली.

मुलींना प्रवेश होता का?

होता, आणि पहिल्या सत्रात ८४ मुली आणि ७९ मुलगे होते. ग्रोपिअसने समानतेचं भाषणही केलं. मग आकडा पाहून तो घाबरला, मुलींची निवड कडक करायला लावली, आणि आल्या त्यांना बहुतेक विणकामाकडे वळवलं. योझेफची पत्नी आनी आल्बर्स हिला काचकाम हवं होतं, मिळाला माग. तिने त्या मागावर १९३० च्या सुमारास एका सभागृहासाठी सेलोफेन घालून कापड विणलं, जे एका बाजूने उजेड परतवतं आणि दुसऱ्या बाजूने आवाज शोषतं. ही वास्तुकलाच झाली, दुसरं काय? गुंटा श्ट्योल्त्सलने विणकाम विभाग चालवला, आणि मारिआन ब्रँट धातूच्या कार्यशाळेत टिकून राहिली. तिची १९२४ ची छोटी चहादाणी संग्रहालयांतून काचेआड आहे.

बाउहाउसमध्ये आर्किटेक्चर कसं शिकवत?

पहिली आठ वर्षं शिकवतच नसत! इमारत हे अंतिम ध्येय सांगणाऱ्या शाळेत वास्तुकलेचा विभाग १९२७ मध्ये उघडला. तोवर ज्याला बांधकाम शिकायचं तो ग्रोपिअसच्या खासगी ऑफिसात राबे. शाळा तेव्हा डेसाऊला आलेली होती. नवी इमारत डिसेंबर १९२६ मध्ये सुरू झाली.

विभागप्रमुख हानेस मायर १९२८ मध्ये संचालक झाला. तो कडवा डावा. त्याचं म्हणणं, चैनीच्या नव्हे, लोकांच्या गरजा बघा. ऊन कुठून येतं, शेजाऱ्याचा आवाज किती येतो, बाई दिवसभर घरात कुठे कुठे चालते, याचे तक्ते त्याने करवले. आपल्याकडे ‘साइट अ‍ॅनालिसिस’ची जी शीट असते ती या वृत्तीची आहे. बाउहाउसचा सगळ्यांत जास्त खपलेला मालही त्याच्याच काळातला: भिंतीला लावायचा कागद. १९३० मध्ये त्याला राजकारणापायी काढलं, आणि वास्तुकार मीस व्हॅन डेर रोहे संचालक म्हणून आला. इतिहासात मायरला दोन ओळी मिळतात. माझ्या मते आपल्याला त्याची गरज सगळ्यांत जास्त आहे.

शाळा बंद का पडली?

नाझींमुळे. डेसाऊच्या नगरपालिकेत त्यांचं वर्चस्व झालं आणि १९३२ मध्ये शाळेला टाळं लागलं. मीसने ती बर्लिनमध्ये टेलिफोनच्या एका बंद कारखान्यात नेली. एप्रिल १९३३ मध्ये पोलिसांची धाड पडली, जुलैत शिक्षकांनीच शाळा विसर्जित केली. आल्बर्स दांपत्य अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात, ग्रोपिअस हार्वर्डला, मोहोली-नाज आणि मीस शिकागोत. शाळा अशी पांगली म्हणून जगभर पोहोचली.

भारतात, विशेषतः मराठी माणसांपर्यंत, हे कसं पोहोचलं?

पहिली भेट फार लवकर झाली. डिसेंबर १९२२ मध्ये कोलकात्यात क्ले, कँडिन्स्की, इटेन, फाइनिंगर यांची कामं इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात लागली. पण त्यातून अभ्यासक्रम बदलला नाही.

अभ्यासक्रमाची वाट माणसांनी आणली. अच्युत कानविंदे कोकणातल्या आचऱ्याचे, जन्म १९१६, शिक्षण जे. जे.मध्ये. १९४५ मध्ये सरकारने त्यांना हार्वर्डला पाठवलं, तिथं गुरू ग्रोपिअस. परतल्यावर त्यांनी अहमदाबादला ‘अटिरा’ या कापड-संशोधन संस्थेची इमारत केली, साधी, बाउहाउसची सख्खी नातेवाईक. पण १९६० च्या दशकातलं त्यांचं आयआयटी कानपूर पाहा: विटा, काँक्रीट, सावलीतले जोडरस्ते. गुरूची पद्धत ठेवली, गुरूचा चेहरा सोडला.

दुसरी वाट जर्मनीतल्या उल्मची. तिथली डिझाइनची शाळा १९५३ ते १९६८ चालली आणि तिचा पहिला संचालक मॅक्स बिल बाउहाउसचा विद्यार्थी. जे. जे.तून उल्मला गेलेले सुधाकर नाडकर्णी पुढे आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या उभारणीत अग्रणी होते. ते केंद्र १९६९ चं. अहमदाबादचं एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, १९६१ चं; त्याआधी १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर दांपत्याने सरकारला अहवाल दिला आणि त्यात आपल्या लोट्याचं कौतुक केलं: एका माणसाने नव्हे, पिढ्यांनी घडवलेला आकार. स्थिरचित्रात आपण ज्याच्यावरची चमक रंगवत बसतो, तोच तांब्या.

मरीन ड्राइव्हच्या इमारती बाउहाउस शैलीच्या आहेत का?

नाहीत. त्या आर्ट डेको, ज्याचं नाव पॅरिसच्या १९२५ च्या प्रदर्शनावरून पडलं. गोल कोपरे, सज्जे, जाळीतली नक्षी, ठसठशीत अक्षरं. बाउहाउसच्या कडक मंडळींनी नाक मुरडलं असतं. मुंबईकर त्यांच्यात नव्वद वर्षं सुखाने राहतायत.

सपाट छपरं आणि काचेच्या भिंती आपल्या हवेत चालतात का?

डेसाऊतही धड चालल्या नाहीत. कार्यशाळांची काचेची भिंत उन्हाळ्यात भट्टी आणि थंडीत बर्फ. कोकणात तर उत्तर प्रत्येक गच्चीवर दिसतं: स्लॅब घातली, गळली, मग वर पत्र्याची शेड. ज्यांना घरची उतरती कौलं ‘जुनाट’ वाटली त्यांनी दोन छपरांचे पैसे भरले. यात दोष पद्धतीचा नाही. पद्धत सांगते, आधी पाऊस बघ. दोष चित्र बघून घर बांधण्याचा.

बाउहाउसवर माझा खरा आक्षेप वेगळा आहे. तिथं वास्तुकलेचा इतिहास शिकवत नसत, आणि हार्वर्डलाही ग्रोपिअसने तो मागे सारला. ग्रीक खांबांच्या ओझ्याखाली दबलेल्या जर्मन मुलाला ते औषध होतं. पण ज्या मुलीने वाड्याचा चौक कधी नीट पाहिलाच नाही, तिला कोऱ्या कागदापासून सुरुवात कर म्हणणं म्हणजे न झालेल्या आजारावर गोळी देणं. म्हणून मी दुसऱ्या महिन्यात कागद बाजूला ठेवून मुलांना एका जुन्या वाड्यात नेतो आणि उजेड मोजायला लावतो.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. हे व्यायाम तिला देता येतील का?

जरूर द्या. मुळात ते बालवाडीतूनच मोठ्यांकडे आले. वर्तमानपत्र द्या, डिंक देऊ नका, आणि काय करायचं ते सांगू नका. डोळे मिटून पोत ओळखणं, तालावर रेषा काढणं, रंगीत कागद फाडून चिकटवणं, सगळं चालेल.

फ्रिडल डिकर ही इटेनची विद्यार्थिनी. त्याच्या मागोमाग व्हिएन्नाहून वायमारला आलेली. ज्यू होती. डिसेंबर १९४२ मध्ये तिला नाझींच्या तेरेझिन छावणीत पाठवलं. तिथं तिने मुलांना चित्रकला शिकवली, वीस वर्षांपूर्वी स्वतः शिकलेल्या याच व्यायामांनी, मिळेल त्या रद्दी कागदावर. १९४४ च्या शरदात तिला ऑशविट्झला नेऊन मारलं. जाण्यापूर्वी तिने सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. प्रत्येकाने आपल्या चित्रावर नाव घालायचं, असा तिचा आग्रह असे, म्हणून ती कुणाची हे पुष्कळदा वाचता येतं.